खालच्या फळीवरचा वाडगा

— नाही नाही, तो नको. म्हणजे हातात घ्या, बघा, बघायला कुणाची ना नाही, पण घेऊ नका. खालच्या फळीवरचं काहीच घ्यायचं नसतं, ताई, ते अजून व्हायचंय. तयार माल या वरच्या तीन फळ्यांवर. हा घ्या. हा बघा. असा नाही — बोटांनी आवळलात की झालाच मुका, माणसाचा गळा धरावा तसं होतं ते. तळहात सपाट करा, आणखी सपाट, हं, आणि त्यावर नुसता ठेवा. अंगठी काढा आधी. ठेवा इथे काउंटरवर, माझ्या डोळ्यांसमोर, घेऊन कुठे पळतोय मी — अंगठी घासली की खर्रर्र होतं आणि मग गिऱ्हाईक म्हणतं वाडगा खराब. आता ही काठी. लोकरीचा गोळा असलेली, ती. मारायचं नाही, टेकवून उचलायचं. दारावर थाप मारतो ना आपण, आत कुणी झोपलं असेल तर, तेवढंच. — हं. ऐकलंत? आता बोलू नका. मी बोलतोय, माझं सोडा, तुम्ही बोलू नका. ऐका कुठपर्यंत जातोय.

काय म्हणालात? अहो, मोठ्यानं बोला की, कुजबुजता कशाला, आत काही ऐकू जात नाही. म्हणजे — ठोकाठोकीत कुठे ऐकू जाणार! पडद्यामागे चाललंय ना ते, ठण्ण-ठण्ण-ठण्ण, तो आमचा कारखानाच समजा. एक ऐरण, एक भट्टी, एक माझा दादा. लोकांना वाटतं हे वाडगे कुठल्या तरी उंच डोंगरावरच्या मठातून येतात, म्हातारे साधू मंत्र म्हणत घडवतात. येतात पडद्यामागून, बारा पावलांवरून, आणि दादा मंत्र वगैरे काही म्हणत नाही, फार तर मधेच चहा मागतो. सात धातू? ते पण विचारतात सगळे. दोन. तांबं आणि कथील. सात सांगितले तर जास्त खपतील, मला माहीत आहे, पण दादाला खपत नाही. तो म्हणतो, जे घातलंय ते सांग.

थांबला का? — नाही, चालू आहे. दुसरा घेतला वाटतं हातात.

तर तुम्हाला हवाय ध्यानाला. बरोबर? नाही, विचारून घेतलेलं बरं. मागे एक बाई घेऊन गेल्या, महिन्यानं त्यांच्या घरी गेलो तर त्यात लिंबं ठेवलेली. एका साहेबांनी कुत्र्याला पाणी प्यायला ठेवला, म्हणे त्याला आवाज आवडतो, पाणी पिताना जीभ लागली की वाजतो थोडा. एक गृहस्थ तर विचारत होते, शांतता आली नाही तर बदलून मिळेल का! मी म्हटलं, वाडगा बदलून देईन, डोकं कुठून बदलून देऊ. रागावले. पण घेऊन गेले. त्यामुळे विचारतो आपला. — झोप लागत नाही? बसलं की नाही नाही ते आठवतं? हं. सगळ्यांचं तेच असतं हो. बसलं की आठवतं, म्हणून मी बसतच नाही.

नाही, खरंच नाही. हसताय, पण पन्नास वर्षं वाडग्यांच्या दुकानात काढली आणि ध्यानाला म्हणून पाच मिनिटं बसलेलो नाही. एकदा बसलो होतो. डोळे मिटले, वाडगा वाजवला, आणि म्हटलं आता हा विरेपर्यंत गप्प राहायचं. अर्ध्यातच उठलो आणि फळ्या पुसायला लागलो. आई म्हणायची याच्या पायाला भिंगरी आणि जिभेला दुसरी. म्हणूनच तर बाबांनी वाटणी करून टाकली — दादाच्या हातात हातोडी आणि मला काउंटर. गिऱ्हाइकांशी बोलायला असाच माणूस लागतो ना. तो आत, मी बाहेर. तो घडवतो, मी विकतो. असं आपलं — असं होतं.

तो परत खाली ठेवा, ताई. तोच उचललात परत! सांगितलं ना, व्हायचाय अजून.

हा मोठा घ्या. वजन बघा. पोटावर ठेवून झोपायचं असेल तर मोठा, मांडीवर ठेवून बसायचं असेल तर मधला, प्रवासात न्यायचा तर हा टीचभर — पण हा टीचभर कर्कश असतो, लहान पोरासारखा, सारखं लक्ष वेधून घेतो. ध्यानाला मधलाच बरा. खाली चुंबळ ठेवायची, ही मी देतोच बरोबर, कापडाची — टेबलावर नुसता ठेवला तर टेबलच वाजतं. आणि काठावरनं दांडी फिरवायची असेल तर ही, चामडं गुंडाळलेली. आधी हलकेच ठोका, मग काठाला दांडी टेकवायची आणि फिरवायची, सावकाश, मनगट न मोडता, अख्खा हात फिरला पाहिजे. सगळ्यांची एकच चूक होते — आवाज यायला लागला की आनंद होतो आणि घाई करतात. घाई केली की दांडी उडते आणि खडखडतो. आणखी वाजवायचाय म्हणून आणखी घाई, आणखी खडखड. जरा हळू, जरा दाबून, त्याला त्याच्या गतीनं येऊ द्या. — वा! पहिल्याच फेरीत? पहिल्या फेरीत कुणाला येत नाही. तुम्ही काय करता, शिकवता का वाजवायला कुठे? नाही? शिवणकाम! बघा, हाताला सवय आहे. हातांचं काम करणाऱ्यांना पटकन येतं. बँकेतले येतात त्यांची दांडी पार छतापर्यंत उडते.

तर हा आवडला? नुसतंच हं? नुसतंच हं म्हणजे नाही. बरं, हा. हा? हा पण नाही? ताई, हे तिन्ही अगदी एका सुरात आहेत, फोनवर लावून बघा. आहे ना तुमच्याकडे ते, काटा दाखवणारं? आजकाल सगळे लावून बघतात. फोन धरायचा, वाजवायचं, काटा मधोमध थांबला पाहिजे. बघा — थांबला की नाही? गपगार. तसूभर हलत नाही. अहो, असं काम हातानं होत नाही कुणाच्या, हे —

हे म्हणजे — होतं. दादाच्या होतं.

सारखं आत बघतो मी? छे. बघतो का? सवय आहे हो, ठोके मोजायची. दिवसभर ते ठण्ण-ठण्ण कानात असतं, थांबलं की काळजी वाटते, पडला का, भाजला का. चौसष्टचा झाला आता. पण आज मी — आज आत गेलोच नाही अजून, त्यामुळे. सकाळचा चहा वहिनीनं नेऊन दिला. दुपारी भट्टीचा कोळसा मी ओततो नेहमी, आज त्यानंच ओतला, आवाज आला मला. जाणारच होतो. गिऱ्हाईक होतं. मग एक फोन होता. मग तुम्ही आलात. दुकान सोडून कसं जाणार? — हो, तुम्ही आत्ता वीस मिनिटांपूर्वी आलात. त्याआधी — त्याआधी फळ्या पुसत होतो.

का जात नाही? तुम्ही पण ना. वाडगा घ्यायला आलात की चौकशी करायला?

हा बघा, हा चौथा बघा. हा पण एकदम — नको? परत तोच? अहो, तो नाही चांगला! ऐकायचंच आहे? बरं, वाजवून दाखवतो, म्हणजे तुमचं समाधान. ऐका. — ऐकलंत? काय होतंय? सरळ जात नाही. वंव — वंव — वंव. हेलकावतोय. म्हणजे काय, तर वाडग्याची एक बाजू केसभर जाड राहिली आहे, त्यामुळे एकाऐवजी दोन सूर निघतायत, जवळजवळचे, आणि ते एकमेकांना ढकलतायत. फोन लावा. बघा काटा कसा नाचतोय! दारू प्यायल्यासारखा. असा वाडगा विकला की आठव्या दिवशी परत. म्हणून खालच्या फळीवर. आता याला आतून जिथे जाड आहे तिथे कानशीनं घासायचं, थोडं घासायचं, वाजवायचं, परत थोडं, की दोन्ही सूर हळूहळू जवळ येतात आणि एक होतात. मग वरच्या फळीवर.

कोण घासतं म्हणजे?

दादाच. म्हणजे — जाऊ द्या हो.

मी घासतो. झालं? मी. पन्नास वर्षं काउंटरवर बसलेला माणूस. दोन वर्षं झाली. या वरच्या तीन फळ्या बघताय ना तुम्ही, काटा तसूभर हलत नाही म्हणालो ना, ते सगळे माझ्या कानशीचे आहेत. दादाला माहीत नाही. दादाला वाटतं ते त्याच्या हातून निघाले तसेच आहेत. ऐकू येत नाही त्याला, ताई. कमी येतं हे त्याला माहीत आहे, ते काय लपतंय — यंत्र आणलं होतं कानातलं, पण पहिल्याच ठोक्याला ते शिट्टी मारायचं, काढून डबीत ठेवलं. मोठ्यानं बोललं तर ओठ बघून समजतं. पण वाडगा आपण अजून बरोबर ऐकतो अशी त्याची खात्री आहे. वाडगा वाजवतो आणि त्याला हनुवटी टेकवतो, म्हणतो हाडातून कळतं मला. कळायचंही आधी. आता नाही कळत.

एक गिऱ्हाईक परत घेऊन आलं होतं, दोन वर्षांपूर्वी, फोन नाचवत, काटा हलतोय म्हणून. मी वाजवला. माझे कान ठीक आहेत, माझ्या कानांना काही झालेलं नाही, या घरात फक्त माझ्याच — असो. मला कळलं लगेच. आत नेला, म्हटलं दादा, जरा बघ रे. त्यानं वाजवला, हनुवटी टेकवली, डोळे मिटले, चांगला मिनिटभर. आणि म्हणाला, एकदम बरोबर आहे. हसून म्हणाला. तेव्हाच सांगायला हवं होतं ना? तिथेच. दादा, बरोबर नाही रे. तीन शब्द. माझ्यासारख्या बडबड्याला तीन शब्द जड व्हावेत! मी म्हटलं, हो का, मग त्याचा फोनच बिघडला असेल. आणि बाहेर येऊन शटर अर्धं ओढलं आणि घासत बसलो.

मग लागलीच सवय. दोन ते तीन दादा जेवून आडवा होतो, तेवढ्या वेळात एक-दोन होतात. वहिनी म्हणते काय खसाखसा चालतं, मी म्हणतो चकाकी देतोय. आणि संध्याकाळी मी त्याला सांगतो, दादा, तुझा कालचा वाडगा गेला, गिऱ्हाईक म्हणालं असा सूर कुठे ऐकला नाही. तो लाजतो हो. चौसष्टाव्या वर्षी लाजतो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जोरानं ठोकायला घेतो. मग सांगा, यात माझं काय चुकलं? कुणाचं नुकसान केलं? गिऱ्हाइकाला चांगला माल मिळाला, दादाची उमेद राहिली. चुकलं का काही? नाही ना? मग मला सकाळपासून असं का होतंय?

सांगतो. सांगतो, बसा. त्या स्टुलावर बसा, तो वाडगा ठेवा मांडीवर हवं तर, आता काय.

सकाळी हा खण उघडला. हा, काउंटरखालचा. इथे माझी कानस असते, फडक्यात गुंडाळलेली, जुनाट, मूठ सैल झालेली, बाबांच्या वेळची. फडकं आहे. कानस नाही. तिच्या जागी ही. बघा. नवी कोरी, कागदातली, तेलाचा हात अजून आहे तिला. मला वाटलं मीच आणली आणि विसरलो. विसरतो मी. पण चहा देताना वहिनी आपणहून म्हणाली, काल संध्याकाळी हे एकटेच हार्डवेअरवाल्याकडे गेले होते, काय आणलं सांगत नाहीत. — कळलं ना? दादानं ठेवली आहे. आणि नुसती नवी नाही, ताई, ही बारीक दातांची आहे. माझी जाड दातांची होती, आत ओरखडे राहायचे, मी कापडानं घासून घासून ते घालवायचो, वाटायचं गेले. डोळ्याला जातात. अंगठ्याला नाही जात. त्यानं कुठला तरी वाडगा उचलला असणार फळीवरचा, आत अंगठा फिरवला असणार. पन्नास वर्षं त्याच धातूवर फिरलेला अंगठा आहे तो. ओरखडे कसले आहेत, कुणाचे आहेत, कधीपासूनचे आहेत, सगळं कळलं असणार. आणि बोलला काही नाही. नवी आणून ठेवली.

आता याचा अर्थ काय? तुम्ही सांगा. सकाळपासून हेच चाललंय माझं. घासतोच आहेस तर नीट घास — असं म्हणायचंय त्याला? तसं असेल तर ठीक आहे, तसं असेल तर मी आत जाऊन त्याचे पाय धरीन. की, मला मूर्ख बनवलंस दोन वर्षं, घे, उघड उघड बनव आता — असं? तो रागावत नाही हो, हाच तर त्रास आहे, रागावला असता तर कळलं असतं. की तिसरंच — की, माझं संपलं, इथून पुढे सूर तुझा? मला त्या तिसऱ्याची भीती वाटते. पण मग सकाळी सातपासून ठोकतोय कशाला? आज चहालाही थांबला नाही. ऐका ना, एकसारखा ठोकतोय. संपलेला माणूस असा ठोकेल? का शेवटचं म्हणून ठोकतोय?

आणि मी इथे फळ्या पुसतोय.

— काय केलंत? वाजवलात? ऐकला मी. हो. ऐकतोय.

...

...

थांबला का? विरला? — मी गप्प होतो? केव्हापासून? विरेपर्यंत? अहो, काहीतरीच. शक्यच नाही. — मिनिटभर? मी?

अहो, पण तो बिघडलेला आहे, ताई. हाच का? वरचे चार दाखवले, मेहनत करून सरळ केलेले, एकाला हो म्हणालात नाही. — परत सांगा. — वरचे सरळ निघून जातात. बरं. आणि हा? हा येतो आणि जातो. श्वासासारखा. त्याच्या मागे जावं लागत नाही, तो परत येतो, म्हणून बसता येतं. — असं म्हणता. आणि वरचे सगळे सारखेच वाटले तुम्हाला. पहिला काय, चौथा काय.

सारखे आहेतच. मी केलेत ना.

म्हणजे बघा — थांबा, मला जरा — म्हणजे त्यातल्या कुठल्या कुठल्या वाडग्यात हे होतं, आणि मी ते कानशीनं — दोन वर्षं. दुपारी दोन ते तीन. कुणीतरी फोन नाचवत आलं आणि मी आपला — मी विचारलंसुद्धा नाही हो कुणाला. दुसऱ्या कुणालाच नाही. एक परत आला म्हणून सगळे घासले. हा काल संध्याकाळी निघालाय भट्टीतून, आज घासायचा होता, पण नव्या कानशीला हात लावायचा धीर झाला नाही म्हणून राहिला. नाहीतर आत्तापर्यंत तोही वरच्या फळीवर गेला असता आणि तुम्ही हं म्हणून निघून गेला असता.

घेऊन जा. हाच घेऊन जा. चुंबळ घ्या. अंगठी विसराल.

नाही, त्याला बोलावू नका. करणाऱ्याला भेटायचंय, तुमचा वाडगा मला फार आवडला म्हणून सांगायचंय — सांगा ना, कोण नको म्हणतंय, पण आज नको. उद्या या. मी सांगेन तुमच्या वतीनं. — हो, म्हणजे आत जावंच लागेल मला. जाईन. जाणारच आहे. तुम्ही सारखं का जात नाही, का जात नाही! कानशीचं काय, ते मिटेल. दोन वर्षांचं आहे, तो माझा भाऊ आहे, शिव्या देईल, मिटेल. कानशीचं नाहीये ते.

तो आधीपासून एका कानानं बहिरा आहे. उजव्या. चौदाव्या वर्षापासून. सगळ्यांना माहीत आहे, ताप आला होता मोठा आणि तापात कान गेला. वहिनीला लग्नाआधी तसंच सांगितलं होतं. डॉक्टरनं तेच सांगितलं होतं आईला. तापात जातो कधी कधी. आणि एक कान गेला म्हणून त्यानं सगळा भार दुसऱ्यावर घातला — सूर कळावा म्हणून डावा कान ऐरणीच्या अगदी जवळ नेऊन ठोकायचा, पन्नास वर्षं, डावा कान खाली घालून. बाबा म्हणायचे, एका कानाच्या पोराला हे काम जमायचं नाही, ह्याला दुसरं काही शिकवू. त्यानं ऐकलं नाही. दोन कान असते तर कशाला वाकला असता इतका? दोन कान असते तर आज डावाही शाबूत असता. नसता का?

मी आठ वर्षांचा होतो. त्याला ताप होता हे खरं आहे. इथेच झोपवला होता, आता तुम्ही बसलात ना, तिथे चटई होती, कारण भट्टीची ऊब यायची. आई औषध आणायला गेली, बाबा आत, आणि मला सांगितलं, दादाजवळ बस, गडबड करू नको. बसलो. किती वेळ बसणार? कंटाळा आला. तो उठेना, बोलेना, खेळेना. डाव्या कुशीवर निजला होता, भिंतीकडे तोंड करून. आणि बाबांचा सगळ्यात मोठा वाडगा होता तिथे, मला दोन हातांनी उचलेना एवढा. मी तो ओढत नेला आणि दादाच्या डोक्यावर उपडा घातला. टोपीसारखा. मला वाटलं आत त्याला गंमत वाटेल. आणि लाकडी मोगरी घेतली, बाबांची, आणि — टेकवून उचलायचं असतं हे मला कुठे माहीत होतं! सगळा जोर लावला मी. उठावा म्हणून.

तो ओरडला ते अजून — पण तो तापातही ओरडत होताच ना, आदल्या रात्रीपासून, भ्रमात. मी वाडगा काढला, ओढत जागेवर नेला. बाबा बाहेर आले, म्हणाले काय पडलं, मी म्हटलं वाडगा पडला. आईनं थंड पट्टी ठेवली. ताप उतरला तेव्हा उजवीकडून हाक मारली तर वळेना. आणि सगळे म्हणाले, ताप. मी पण म्हटलं, ताप. त्यालाही तेच माहीत आहे. त्याला काही आठवत नाही, तो म्हणतो त्या दिवसांतलं एवढंच आठवतं की खूप मोठी घंटा वाजत होती. मला सांगतो हे! हसत सांगतो, तापात काय काय ऐकू येतं बघ माणसाला.

सांगायचं होतं. दर वर्षी सांगायचं होतं. आधी मार बसेल म्हणून नाही सांगितलं, मग बाबा होते म्हणून, मग बाबा गेले म्हणून, मग त्याचं लग्न, मग म्हटलं आता उकरून काय उपयोग. आणि हे दोन वर्षं घासणं — तुम्हाला वाटलं असेल भावावर काय माया आहे. मला पण तसंच वाटत होतं हो. आज ती कानस दिसली आणि — तो मला माझं चुकलेलं झाकायला हत्यार आणून देतोय, ताई. नवं. बारीक दातांचं.

चिठ्ठी? लिहून देऊ म्हणता? नाही. तो चष्मा शोधेल, खिडकीशी जाईल, एकेक शब्द वाचेल, आणि मी तेवढा वेळ तिथे उभा राहू? नाही. ऐकू येत होतं तेव्हा एवढ्याशा आवाजात सांगून झालं असतं, कानात, कुणाला कळलं नसतं. तेव्हा नाही सांगितलं. आता ओरडूनच सांगावं लागणार. समोरचा शिंपी ऐकेल, वरची भाडेकरीण ऐकेल, वहिनी तर जिन्यातच उभी असते. ऐकू दे.

निघा तुम्ही. नाही, पैसे नंतर, उद्या, केव्हाही — निघा आता, खरंच निघा, नाहीतर मी परत बोलत बसेन तुमच्याशी. जा. दार लोटू नका, राहू दे उघडं.

दादा! — ए दादा! ठेव ती हातोडी. ठेव खाली. इकडे — इकडे बघ, माझ्या तोंडाकडे बघ. कानशीचं नाही रे, ते राहू दे, कानशीचं नंतर. दादा, तो ताप नव्हता. — ताप! ताप नव्हता तो! मी होतो!